पावसात गाडी अचानक रेस घेईनाशी होते, पी २१३८ कोड, पेडल बदललं तरी परत तेच. मदत हवी

घाटवळण (कोल्हापूर)
नमस्कार मंडळी. गाडी डिझेल सातसीटर, २०१८ ची, बीएस ४, रनिंग १ लाख १२ हजार. कंपनीचं नाव मुद्दाम लिहीत नाही, कारण तक्रार कंपनीची नाहीये, मला फक्त दुखणं नक्की काय आहे ते शोधायचंय.

मागच्या महिन्यात कणकवलीहून परत येत होतो, करूळ घाट चढताना धो धो पाऊस, धुकं, मागे ट्रक, गाडीत आई आणि दोन पोरं. एका वळणावर एक्सलेटर दाबला तर काहीच नाही. पाय पार तळाला टेकला तरी इंजिन १२०० च्या आसपास नुसतं गुरगुरतंय, चेक इंजिनची लाईट पेटलेली. कशीबशी पहिल्या गिअरला रांगत कडेला घेतली. चावी बंद केली, दोन मिनिटं थांबलो, परत चालू केली तर गाडी एकदम चांगली. गगनबावड्याच्या अलीकडे परत एकदा तेच.

गॅरेजला नेली, स्कॅनर लावला, पी २१३८ हा बिघाडाचा कोड आला. म्हणाले पेडलचा सेन्सर गेलाय, अख्खं पेडल बदलावं लागेल. साडेआठ हजार गेले. बारा दिवस गाडी मस्त चालली आणि परवा पाऊस लागला तशी परत बंद, तोच कोड. आता म्हणतायत ईसीएम (इंजिनचा कॉम्प्युटर) गेला असेल, पस्तीस-चाळीस हजार धरून चला. खरं सांगतो, पैशापेक्षा भीती जास्त बसलीय, घाटात गाडी घालायची हिंमत होत नाहीये. कुणी यातून गेलंय का?

डिझेलदादा (बार्शी)
थ्रॉटल बॉडी (इंजिनात हवा सोडणारी झडप) काढून साफ करून घ्या एकदा, कार्बन बसतो. माझ्या भावाच्या गाडीला तसंच होतं, साफ केल्यावर गेलं.

मीटरवाला (सांगली)
घाटवळण, ईसीएमला कुणालाही हात लावू देऊ नका अजून. मी गाड्यांच्या इलेक्ट्रिकलचं काम करतो, तीस वर्षं होत आली. पी २१३८ वर नवं पेडल टाकून परत आलेल्या गाड्या बऱ्याच बघितल्यात.

डिझेलदादा, भावाची गाडी पेट्रोल असणार. पेट्रोलला पेडल दाबलं की ईसीएम मोटरने थ्रॉटलची झडप उघडतो, तिथं कार्बनचा त्रास होतो हे खरं. डिझेलला पेडल म्हणजे नुसती मागणी. पाय किती दाबलाय ते ईसीएम वाचतो आणि तेवढं डिझेल इंजेक्टरमधून सोडतो. झडप असली तरी तिचं काम वेगळं. आणि कोड पेडलचा आहे, झडपेचा नाही.

आता कोडचा अर्थ नीट समजून घ्या, कारण निम्मी चूक तिथंच होते. पी २१३८ म्हणजे "पेडल खराब" असं नाही. पेडलमध्ये एक नाही, दोन सेन्सर असतात, दोघांना स्वतंत्र ५ व्होल्ट, स्वतंत्र अर्थ (अर्थिंगची, म्हणजे करंट परत जायची वायर) आणि स्वतंत्र सिग्नल, म्हणजे एकूण सहा वायरी. तुमच्या जातीच्या बहुतेक पेडलांत पाय सोडलेला असताना पहिला पाऊण व्होल्टच्या आसपास आणि दुसरा बरोबर त्याच्या निम्मा. पाय दाबत जाल तसे दोन्ही वाढतात पण निम्म्याचं नातं तुटत नाही. ईसीएम सतत ते नातं तपासतो. नातं तुटलं की हा कोड. म्हणजे दोन साक्षीदारांच्या जबान्या जुळल्या नाहीत इतकंच ईसीएम सांगतोय, खोटं कोण बोलतोय ते सांगत नाहीये. साक्षीदार खोटा असेल किंवा त्याच्यापासून कोर्टापर्यंतचा रस्ता खराब असेल.

तीन गोष्टी सांगा. पावसाशिवाय कधी झालंय का? तेव्हा नुसता पी २१३८ च होता की सोबत २१२२, २१२३, २१२७, २१२८ पैकी काही? आणि ब्रेक दाबल्यावर मागचे दिवे दरवेळी लागतात का?

घाटवळण (कोल्हापूर)
काका, मनापासून आभार. पावसाशिवाय एकदाही नाही झालं, आत्ता तुम्ही विचारल्यावर डोक्यात आलं की ते बारा दिवस पाऊसच नव्हता. कोड फक्त २१३८. ब्रेकचे दिवे पोराला मागं उभं करून बघितले, व्यवस्थित लागतायत आणि विझतायत.

चहाटपरी (ठाणे)
ब्रेकच्या दिव्यांचा इथं काय संबंध? कुतूहल म्हणून विचारतोय.

मीटरवाला (सांगली)
संबंध आहे. बऱ्याच गाड्यांत ब्रेक आणि एक्सलेटर एकदम दाबले गेले तर ईसीएम ब्रेकचं ऐकतो आणि रेस तोडतो. ब्रेकचा स्विच अडकून राहिला तर ईसीएमला वाटतं पाय ब्रेकवरच आहे, आणि ड्रायव्हर म्हणतो एक्सलेटर गेला. कोड मात्र वेगळा येतो, पी ०५०४ किंवा ०५७१. छोट्या स्विचचं दुखणं पेडलवर ढकललेलं मी बघितलंय, म्हणून आधी विचारून घेतो.

घाटवळण, तुमच्याकडे ते छोटं ब्लूटूथ स्कॅनर आहे का? नसेल तर घ्या, या कामाला पुरतं. आणि एक साधा डिजिटल मल्टिमीटर. आधी गाडी चांगली असतानाचे आकडे लिहून ठेवू, मग बिघडलेली असतानाचे. चांगल्याचे आकडे हातात नसतील तर वाईट ओळखणार कसं?

चावी ऑन, इंजिन बंद. ॲपमध्ये पेडल पोझिशन डी (पहिला सेन्सर) आणि ई (दुसरा सेन्सर) अशा दोन नोंदी दिसतील, त्या दोन्ही समोर लावा. पाय सोडून आकडा लिहा, मग अगदी हळू, दहा सेकंद घेत, तळापर्यंत दाबा आणि तसंच हळू सोडा. पाय सोडल्यावर शून्य दिसणार नाही, घाबरू नका, तो ५ व्होल्टचा टक्का असतो.

घाटवळण (कोल्हापूर)
काका, केलं. अंगण कोरडं, गाडी चांगली चालतेय तेव्हाचे आकडे:
पाय सोडलेला: डी १४.८, ई ७.४
तळापर्यंत: डी ७८, ई ३९
मध्ये कुठंही उडी नाही, दोन्ही सरळ चढतात, सरळ उतरतात. तुम्ही म्हणालात तसं बरोबर निम्मं! स्वतःच्या डोळ्यांनी बघून फार बरं वाटलं.

अनघा (पुणे)
मी सेन्सर बनवणाऱ्या कारखान्यात टेस्टिंगला आहे, थोडी भर घालते. आकडे आदर्श आहेत. डी म्हणजे ०.७४ व्होल्ट, ई म्हणजे ०.३७. नवीन पेडल निर्दोष आहे असं धरायला हरकत नाही, आणि खरं म्हणजे जुनंही निर्दोष असण्याची शक्यता आहे, ते टाकून दिलं नसेल तर जपून ठेवा.

पेडलच्या सेन्सरचे दोन मुख्य प्रकार. जुन्या पद्धतीत कार्बनचा पट्टा आणि त्यावर घासत जाणारी धातूची बोटं, म्हणजे रेडिओच्या आवाजाच्या बटणासारखं. हा झिजतो, आणि झिजतो तोही ठराविक जागी, कारण आपला पाय दिवसभर सुरुवातीच्या पाव भागातच खेळत असतो. अशा पेडलला हळू दाबताना एका विशिष्ट ठिकाणी आकडा झटकन पडतो आणि पुढं परत ठीक होतो, कोरड्यात आणि पावसात सारखाच. दुसरी पद्धत हॉल सेन्सरची, आत चुंबक फिरतो, काही घासत नाही. कृपा करून याच्यावर मीटर ओहमला लावून तपासू नका, आत पट्टा नसून चिप असते, ओहमच्या आकड्याला काही अर्थ नसतो. गॅरेजमध्ये "रेझिस्टन्स दाखवत नाही, सेन्सर मेला" म्हणून चांगले सेन्सर फेकलेले मी परत आलेल्या खोक्यांत रोज बघते, जीव तुटतो.

आणि निम्म्याचा नियम सगळीकडे लावू नका. टोयोटाच्या बऱ्याच पेडलांत दुसरा सिग्नल निम्मा नसतो, पहिल्याच्या साधारण ०.८ व्होल्ट वर समांतर चालतो. काही गाड्यांत एक चढतो तेव्हा दुसरा उतरतो. आपल्या गाडीचं नातं कोणतं ते आधी बघायचं.

नागपूरकर
धाग्यात मध्येच विचारतोय, माफ करा. माझी पेट्रोल हॅचबॅक, तीच लक्षणं, कोड पी २१३५. पेडल तपासू का?

मीटरवाला (सांगली)
नाही भाऊ. २१३५ थ्रॉटल बॉडीतल्या दोन सेन्सरांचं भांडण, २१३८ पेडलमधल्या दोघांचं. नंबर शेजारी-शेजारी आहेत म्हणून फार गल्लत होते. तुम्ही बोनेट उघडा, थ्रॉटल बॉडीच्या कपलरपासून (वायरी जोडणाऱ्या प्लगपासून) सुरुवात करा. वेगळा धागा काढा, तिथं येतो.

स्नेहा_रत्नागिरी
मला एक विचारायचंय, विषय निघालाच आहे तर. एक्सलेटरला ओढायची तार नाही, सगळं विजेच्या वायरीवर, मग उलटं होऊन गाडी आपोआप पळत सुटली तर? आमच्याकडे रोज घाट आहे, नवरा गाडी चालवतो, हे वाचून झोप लागली नाही.

अनघा (पुणे)
स्नेहाताई, प्रश्न रास्त आहे आणि हा प्रश्न फार मोठ्या पातळीवर विचारला गेलाय. २००९-१० साली अमेरिकेत टोयोटाच्या गाड्या आपोआप वेग घेतात अशा तक्रारी आल्या, लाखो गाड्या परत बोलावल्या, एक कारण मॅटमध्ये पेडल अडकणं आणि दुसरं पेडल यांत्रिकदृष्ट्या चिकटणं. इलेक्ट्रॉनिक्स तपासायला तिथल्या सरकारने थेट नासाच्या इंजिनिअरांना बसवलं. २०११ च्या फेब्रुवारीत अहवाल आला. मोठा वेग घ्यायला लावणारा इलेक्ट्रॉनिक दोष त्यांना सापडला नाही. पण एका कॅमरीच्या पट्टेवाल्या पेडल सेन्सरमध्ये कथिलाच्या मुलाम्यावर केसापेक्षा बारीक तंतू वाढलेले सापडले, त्यांनी दोन सिग्नल एकमेकांना जोडले होते.

म्हणून तर दोघांना वेगळं वोल्टेज, वेगळा अर्थ आणि वेगळं नातं देतात. दोन्ही सिग्नल सारखेच असते तर एकमेकांना चिकटले तरी ईसीएमला कळलं नसतं. एक दुसऱ्याच्या निम्मा ठेवला की चिकटल्या क्षणी नातं तुटतं आणि ईसीएम रेस काढून घेतो. घाटवळण दादांची गाडी घाटात मेली हे वाईटच, पण ती मरण्याच्या बाजूला बिघडली, पळण्याच्या नाही. आणि घरी दोन गोष्टी आजच करा: ड्रायव्हरच्या बाजूची सुटी जाड मॅट काढा, एकावर एक दोन मॅटा तर अजिबात नकोत. आणि गाडी पळालीच तर ब्रेक एकदाच घट्ट दाबून धरायचा, क्लच दाबून न्यूट्रल. पंप करायचा नाही.

स्नेहा_रत्नागिरी
मॅट काढली. दोन होत्या. खूप खूप आभार ताई.

मीटरवाला (सांगली)
घाटवळण, आता खरं काम. दोष पावसात येतो, तर पावसातच पकडायचा. पेडलच्या कपलरमध्ये मागच्या बाजूने, वायरीच्या कडेने टाचणी सरकवायची, वायर टोचायची नाही, टोचलेल्या भोकातून पाणी शिरतं आणि वर्षभराने इथं तक्रारीचा नवा धागा काढावा लागतो. एक माणूस सोबत घ्या. गाडी चालवताना मीटर बघायचा नाही, दोष आला की कडेला घ्या, हँडब्रेक लावा, चावी बंद करू नका, कारण बंद केली की पुरावा गेला.

मोजायचं काय ते लिहितो. स्कॅनरवर डी आणि ई, पाय सोडून आणि तळाला. मग दुसऱ्या सेन्सरचा ५ व्होल्टचा पिन, एकदा काळी दांडी बॉडीच्या बोल्टला लावून आणि एकदा काळी दांडी कपलरमधल्याच दुसऱ्या सेन्सरच्या अर्थच्या पिनला लावून. हे दोन्ही करा, शेवटचं विसरू नका.

घाटवळण (कोल्हापूर)
मंडळी, सापडला!! म्हणजे आकडे सापडले. काल संध्याकाळी भाच्याला घेऊन गगनबावड्याकडे गेलो, कळे ओलांडलं आणि पाऊस भरून आला, पुढं वीसेक मिनिटांत लाईट पेटली. कडेला घेतली, चावी चालू ठेवली, भाचा टॉर्च धरून पायाशी आडवा झाला.

डी: सोडलेला १४.८, तळाला ७८. जसाच्या तसा.
ई: सोडलेला १३.८, तळाला ४३.
दुसऱ्या सेन्सरचे ५ व्होल्ट, काळी दांडी बोल्टला: ५.०१
काळी दांडी पेडलच्या अर्थ पिनला: ४.६६

गॅरेजवाल्याने माझ्यासमोर बोल्टला लावूनच बघितलं होतं आणि "पाच व्होल्ट येतंय, वायरिंग ओके" म्हणाला होता. काका याचा अर्थ काय?

मीटरवाला (सांगली)
शाब्बास दोघांना. अर्थ असा की पाच व्होल्ट पेडलपर्यंत येतायत पण परतीचा रस्ता खराब आहे. ५.०१ वजा ४.६६ म्हणजे ०.३५ व्होल्ट, एवढे व्होल्ट त्या अर्थच्या वायरीत वाटेत कुठंतरी खर्च होतायत. चांगल्या वायरीत हा आकडा ०.१ च्या खूप खाली पाहिजे. सेन्सर जेमतेम दहा मिलीॲम्पियर घेतो, म्हणजे वाटेत पस्तीस ओहमचा अडथळा बसलाय. आणि तुमच्या गॅरेजवाल्याने बोल्ट धरला, बोल्टचा अर्थ चांगलाच आहे, पण सेन्सर त्या बोल्टला जोडलेला नाही ना, तो ईसीएमच्या आतल्या अर्थला जोडलाय.

तुमचे ई चे आकडे नुसते बघितले तरी हे सांगता येतं, ही गोष्ट इथं वाचणाऱ्या प्रत्येक मेकॅनिकने लक्षात ठेवावी असं मला फार वाटतं. पाय सोडलेला असताना ई ७.४ पाहिजे तिथं १३.८, म्हणजे चूक ६.४ ची. तळाला ३९ पाहिजे तिथं ४३, चूक फक्त ४ ची. अर्थ खराब असला की सिग्नल खालून उचलला जातो, त्यामुळं चूक पाय सोडलेला असताना सगळ्यात मोठी आणि दाबत जाल तशी कमी. उलट ५ व्होल्टचा पुरवठा कमी पडत असेल तर सिग्नल वरून दाबला जातो, पाय सोडल्यावर चूक किरकोळ आणि तळाला सर्वात मोठी. पट्टा झिजला असेल तर चूक मधल्या एकाच जागी. तीन दुखणी, तीन चेहरे.

आता अर्थची वायर पेडलपासून ईसीएमपर्यंत धरून चला. पाऊस आत कुठून येतो ते आधी शोधा. ड्रायव्हरच्या बाजूला उजव्या पायाशेजारचं प्लास्टिक काढा, तिथं जोडकपलर असणार.

घाटवळण (कोल्हापूर)
आज रविवार, सकाळी सात ते दीड. प्लास्टिक काढलं तर आतलं कार्पेट खालून ओलं, पिळलं तर पाणी निघालं. वर पांढरा मोठा कपलर, त्याच्यावरून वायरींचा जुडगा उतरतो आणि त्या जुडग्यावरून पाण्याची ओघळ गेलेली स्पष्ट दिसते, तपकिरी रेघ. कपलर उघडला. वीसेक पिना असतील, सगळ्या चकचकीत, आणि खालच्या ओळीत कोपऱ्यातली एक हिरवट पांढऱ्या पुडीने माखलेली, टाचणीने खरवडली तर पूड कागदावर पडली. वायरीचा रंग बघितला, तपकिरीवर काळी रेघ. पेडलच्या कपलरवर दुसऱ्या सेन्सरचा अर्थ, तोच. पाच मिनिटं मी आणि भाचा नुसते बघत बसलो.

पाणी कुठून आलं तेही सापडलं. वायपरच्या खालची जाळी उचलली तर खाली वडाची आणि जांभळाची पानं कुजून चिखल झालेला, पाणी जायचं भोक पूर्ण बुजलेलं. आमची गाडी झाडाखालीच उभी असते. पाणी तुंबून वायरींच्या रबरी बुचातून आत उतरत होतं. साडेआठ हजारांचं पेडल बदललं आणि आजार मूठभर पानांचा.

मीटरवाला (सांगली)
पिन नुसती घासून स्प्रे मारून परत लावू नका. वरचा मुलामा गेलाय, सहा महिन्यांत परत हिरवी होईल. दोन्ही बाजूंची पिन बदलायची, वायरीचं टोक कापून आतली तांब्याची तार लाल चकचकीत दिसेपर्यंत मागं यायचं, काळी पडलेली तार ठेवायची नाही. मग त्या कपलरच्या वर वायरींचा जुडगा खाली एक वळसा देऊन बांधा, म्हणजे पाणी आलंच तर वळशातून टपकेल, कपलरमध्ये जाणार नाही. आणि त्याच कपलरच्या शेजारच्या पिनाही भिंगाने बघा.

बारा दिवस गाडी का चालली हेही सांगतो. पेडल बदलताना तोच जुडगा हलला, पिन थोडी घासली गेली, वर ऊन होतं. नव्या पेडलने काही केलं नाही.

डिझेलदादा (बार्शी)
मी सुरुवातीला चुकीचं सांगितलं होतं, भावाची गाडी पेट्रोलच आहे, विचारून घेतलं. हा धागा आमच्या गॅरेजवाल्याला वाचून दाखवला, त्याने त्याच्या वहीत आकडे उतरवून घेतले.

निस्सानवाला (नवी मुंबई)
एक छोटी भर. असं काम करताना पेडलचा कपलर काढला तर काही गाड्यांना पाय सोडलेली जागा परत शिकवावी लागते. निस्सानला पाय पूर्ण सोडून चावी ऑन दोन सेकंद, ऑफ दहा सेकंद, परत ऑन दोन, ऑफ दहा. नाहीतर दुरुस्ती बरोबर होऊनही आयडल (पाय सोडल्यावरचा इंजिनचा वेग) नीट बसत नाही.

घाटवळण (कोल्हापूर)
तीन आठवड्यांनी लिहितोय, मुद्दाम थांबलो होतो. काकांच्या ओळखीच्या एका वायरमनकडे सांगलीला जाऊन दोन्ही पिना बदलल्या, रबरी बूच नवं बसवलं, कार्पेट काढून दोन दिवस वाळवलं. सगळे मिळून नऊशे रुपये. त्यानंतर करूळ चारदा चढलो, त्यात एकदा असा पाऊस की वायपर पुरेना. गगनबावड्याच्या चौकात थांबून स्कॅनर लावला: १४.८ आणि ७.४. अर्थवर ०.०२ व्होल्ट.

जुनं पेडल गॅरेजमधून परत मागून आणलं. अनघाताई म्हणाल्या म्हणून बसवून बघितलं, त्याचेही आकडे तेच. आता नवं खोक्यात ठेवलंय आणि गाडीला जुनंच आहे. आई काल म्हणाली, पुढच्या शनिवारी कणकवलीला जाऊया.